पाणवठ्यापासून गेटपर्यंत

आफ्रिकेला जायचं ठरलं ते अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसरच्या घरी, फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी. ड्राइव्हवेवरचा बर्फ दोनदा काढून झाला होता. आमची पंधरा वर्षांची मुलगी कानात इअरबड्स घालून सीरियल खात बसली होती आणि नवऱ्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर नामिबियाचा नकाशा होता. टूरबरोबर जायचं नाही, तो म्हणाला. विंडहोकला उतरायचं, तिथे गाडी भाड्याने घ्यायची आणि दोन आठवडे आपणच चालवत फिरायचं. त्याच्या ऑफिसातला एकजण बायकामुलांना घेऊन असाच जाऊन आला होता. रस्ते रिकामे, माणसं चांगली, आणि प्राणी इतके की तिसऱ्या दिवसानंतर झेब्रा दिसला तरी कोणी मान वळवत नाही.

कल्पना मला आवडली. कुरबूर सुरू झाली ती सासूबाईंवरून. त्या एप्रिलमध्ये पुण्याहून सहा महिन्यांसाठी यायच्या होत्या. मी सुचवलं की ते दोन आठवडे त्यांनी श्रूजबरीला त्यांच्या भाचीकडे राहावं. बहात्तर वर्षांच्या बाईला खडबडीत रस्त्यांवर कशाला हिंडवायचं, असं मी म्हटलं. ते खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. मला दोन आठवडे फक्त आम्ही तिघं हवे होतो. नवरा एवढंच म्हणाला, "आईपण येईल." मग त्यांच्या व्हिसाची, विम्याची सगळी कागदपत्रं त्याने स्वतः केली, आणि मी त्याबद्दल पुन्हा बोलले नाही. न बोलता राग धरायची मला सवय आहे.

दुसरी गोष्ट गाडीची. तिथे ऑटोमॅटिक गाड्या थोड्या, आणि होत्या त्या आमच्या तारखांना शिल्लक नव्हत्या. मिळाली ती मॅन्युअल. नवऱ्याला त्याचं काही नव्हतं, तो पुण्यात कॉलेजात असल्यापासून गिअरची गाडी चालवत आलेला. मी गाडी शिकले अमेरिकेत आल्यावर. सतरा वर्षं चालवतेय, पण क्लचवर कधी पाय ठेवलेला नाही. फॉर्म भरताना त्याने दुसरी चालक म्हणून माझं नाव घातलं आणि 'मॅन्युअल गाडी चालवता येते' या चौकटीत टिक केली. मी म्हटलं, अरे, मला येत नाही ती. तो म्हणाला की फॉर्मॅलिटी आहे, चालवणार मीच आहे. मी सही केली. पासपोर्ट साइझचे दोन फोटो काढून आंतरराष्ट्रीय परमिटही आणलं. ते छोटं करडं पुस्तक माझ्या पर्समध्ये पडून राहिलं.

जूनच्या शेवटी शाळा संपली आणि आम्ही निघालो. विंडहोकला आम्हाला मिळाला पांढरा पिकअप ट्रक. पुढे दोन सीट, मागे तिघांची सीट, त्याच्या मागे बंद हौद्यात सामान, फ्रिज आणि दोन जादा टायर. स्टिअरिंग उजवीकडे. पहिले दोन दिवस नवऱ्याने प्रत्येक वळणाला इंडिकेटरऐवजी वायपर लावला आणि आम्ही हसलो. सासूबाई माझ्या मागच्या सीटवर खिडकीशी बसत. त्या फार बोलत नसत. वाटेत काही लागलं तर स्वतःच्या पिशवीतून काढून खात, आणि मला त्याचाही राग येई, कारण मी सगळ्यांसाठी डबे भरलेले असत.

पाचव्या दिवशी आम्ही उत्तरेतल्या मोठ्या अभयारण्यात शिरलो. तिथे आत कुंपण घातलेले कॅम्प आहेत, खोल्या आहेत. दिवसभर आपल्या गाडीने फिरायचं आणि सूर्य मावळायच्या आत कॅम्पच्या गेटातून आत यायचं. मावळल्यावर गेट बंद. बाकी ठिकाणी गाडीतून उतरायचं नाही, एक पायही खाली टाकायचा नाही. हे फाटकावर दिलेल्या पत्रकात होतं, आणि नवऱ्याने ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

सहाव्या दिवशी दुपारी आम्ही कॅम्पपासून बासष्ट किलोमीटरवरच्या एका पाणवठ्यावर होतो. दुसरी एकही गाडी नव्हती. मला आकडे नेमके आठवतात कारण पुढचे तीन तास आम्ही आकड्यांवरच काढले. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पाण्यावर जिराफ पाय फाकवून वाकले होते, मुलगी फोटो काढत होती आणि नवऱ्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून डोळे मिटले. मला वाटलं, डुलकी लागली. मग त्याच्या कपाळावर घाम दिसला. काय झालं विचारल्यावर म्हणाला, पाठीत काहीतरी धरलंय, ॲसिडिटी असेल, निघूया आपण.

तो चार-पाच किलोमीटर चालवत गेला. मग रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवली, खिडकीची काच खाली केली आणि बाहेर डोकं काढून ओकला. पुन्हा पाठ टेकायचा प्रयत्न केला तर बसता येईना. एकदा डाव्या बाजूला वळे, एकदा उजव्या. दात घट्ट आवळलेले. मी नवऱ्याला वीस वर्षं ओळखते. दाताच्या डॉक्टरकडे भूल न घेता बसणारा माणूस आहे. तो लहान मुलासारखा कण्हायला लागला तेव्हा मी सीटबेल्ट सोडून त्याच्याकडे वळले.

माझ्या डोक्यात पहिला शब्द आला तो हार्ट. छातीत दुखतंय का, हात जड वाटतोय का, असं मी विचारत राहिले. तो नाही नाही म्हणत होता. मागून सासूबाई पुढे वाकल्या. त्यांनी त्याच्या शर्टात हात घालून कमरेच्या वर उजवीकडे हलकंसं दाबलं. तो ओरडला.

"मुतखडा आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाला झाला होता. असाच लोळायचा." आणि थोडं थांबून, "असावा, असं म्हणते मी."

फोनला रेंज नव्हती. सकाळपासूनच नव्हती. औषधांच्या पिशवीत क्रोसिन होती, ती दिली, ती मिनिटभरात उलटून पडली. मी आरशात मागचा रस्ता बघत राहिले. कोणीतरी येईल, इतकी माणसं असतात इथे, असं म्हणत राहिले. वीस मिनिटांनी एक छोटी गाडी समोरून आली. वयस्कर गोरं जोडपं, दोनच सीट, मागे सामान छतापर्यंत. ते आमच्या उलट दिशेला, लांबच्या कॅम्पला चालले होते. बाईंनी काचेतून पाण्याची बाटली आणि वेदनाशामक गोळ्यांची पट्टी दिली. पोचल्यावर आम्ही कळवतो, ते म्हणाले, पण आम्हाला पोचायलाच दोन तास लागतील. मग त्यांनी साहजिकच विचारलं, की यांना बरं नाही तर गाडी तुम्ही का नाही चालवत?

मी काहीतरी उत्तर दिलं. ते गेले. धूळ खाली बसली. तीन वाजायला आले होते आणि सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळणार होता.

मुलीने मागून इंग्रजीत विचारलं की बाबा मरणार आहे का. अगदी सपाट आवाजात विचारलं, हवामान विचारावं तसं. नाही, मी म्हणाले. मग तिने विचारलं की तुला गाडी येत नाही, हे बाबाला माहीत होतं का. मी म्हणाले, हो. ती खिडकीकडे वळली.

नवरा म्हणाला, "मी नेतो. थोडं कमी झालं की नेतो." आणि त्याने क्लच दाबायला पाय उचलला तर त्याचा श्वासच अडकला.

"तू सरक," सासूबाई त्याला म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "तू बस तिथे. मी सांगते."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, आई, तुम्ही काय सांगणार?

"धरणाच्या कॉलनीत होतो तेव्हा मी खात्याची जीप चालवायचे. अकरा वर्षं." त्यांनी मांडीवरची पिशवी उचलून खाली पायाशी ठेवली. "आता माझा गुडघा वाकत नाही, नाहीतर मीच बसले असते. तुझे पाय चांगले आहेत."

लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि हे मला ठाऊक नव्हतं. पण तेव्हा त्याबद्दल नवल करायला वेळ नव्हता.

जागा बदलायची कशी हाच पहिला प्रश्न. दार उघडून पलीकडे जायला दहा सेकंद पुरली असती. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढं पिवळं गवत होतं, आणि आदल्याच सकाळी असल्याच गवतातून सिंहीण उठून बसलेली आम्ही पाहिली होती. ती उठेपर्यंत आम्हा चौघांपैकी कोणालाही दिसली नव्हती. म्हणून मी आधी दोन सीटच्या मधल्या फटीतून मागे गेले. माझा पाय मुलीच्या कॅमेऱ्यावर पडला. मग नवरा गिअरच्या दांड्यावरून डावीकडे सरकला. त्याला तीन मिनिटं लागली. मुलीने मागून त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढलं, आणि तो ओरडला तरी तिने सोडलं नाही. मग मी पुन्हा फटीतून पुढे, त्याच्या घामाने ओल्या झालेल्या सीटवर. सासूबाई मधल्या जागी आल्या, माझ्या खांद्याच्या मागे त्यांचं तोंड.

"तीन पेडल आहेत ना खाली? डावीकडचं क्लचचं. पूर्ण दाब. आता गिअर पहिल्यात. डावीकडे आणि वर. आता क्लच सोडायचा नाही, सुटू द्यायचा. टाच जमिनीवर ठेव, पंजा हळू वर येऊ दे."

गाडीने एक गचका दिला आणि बंद पडली. नवरा कण्हला. पुन्हा. पुन्हा गचका. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मग डोकं उचलून पुन्हा किल्लीला हात घातला.

सासूबाई रागावल्या नाहीत, धीरही दिला नाही. जीप शिकवणाऱ्या ड्रायव्हरने त्यांना सांगितलं असेल तसंच, एकाच पट्टीत त्या बोलत होत्या. "कान इंजिनकडे दे. क्लच धरायला लागला की आवाज जड होतो. तिथे पंजा थांबव. मग थोडं पेट्रोल."

चौथ्या वेळी आवाज जड झाला. मी थांबले. गाडी शहारल्यासारखी हलली आणि पुढे निघाली.

पहिल्या गिअरमध्ये आम्ही बहुधा एक किलोमीटर गेलो, कारण दुसरा टाकायची मला भीती वाटत होती. दुसरा पडला तेव्हा करकर आवाज आला, पण पडला. तिसऱ्यात गाडी ताशी चाळीसवर गेली. खडीचा रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होता, सगळी गाडी खडखडत होती आणि प्रत्येक खडखडाटाबरोबर डावीकडून आवाज येत होता. मी डावीकडे बघत नव्हते. मुलीने गोऱ्या बाईंनी दिलेली एक गोळी पाण्यात चुरून त्याला थोडी थोडी पाजली. नकाशा तिने मांडीवर घेतला होता. अठ्ठेचाळीस किलोमीटर, ती म्हणे. मग त्रेचाळीस. ती मध्येच मराठीत आकडे सांगायला लागली, ते तिला शंभरपर्यंत नीट येत नाहीत. त्रेचाळीसला तिने 'चाळीस आणि तीन' म्हटलं. कोणी सुधारलं नाही.

डाव्या बाजूने चालवायचं हेही मी मध्ये विसरले. एका वळणावर मी सरळ उजवीकडे गेले, आणि सासूबाईंनी माझ्या डाव्या खांद्यावर थाप मारली. तेवढंच.

सदतीस किलोमीटर राहिले असताना हत्ती दिसले.

आधी मला त्या पांढऱ्या भिंती वाटल्या. तिथली माती चुन्यासारखी पांढरी आहे आणि हत्ती ती अंगावर घेतात, त्यामुळे लांबून ते हत्तींसारखे दिसत नाहीत. वीसएक होते. माद्या आणि पिल्लं रस्ता ओलांडून दाट झुडपांत शिरत होती. त्यांच्या मागे एक मोठा नर रस्त्याच्या मधोमध उभा होता, आमच्याकडे तोंड करून.

मी ब्रेक दाबला. क्लच दाबायचा राहिला. गाडी बंद पडली. अंतर असेल साठ-सत्तर पावलांचं.

एकदम सगळं शांत झालं. इंजिनचा आवाज थांबल्यावर नवऱ्याचा श्वास ऐकू यायला लागला आणि समोर फांद्या मोडल्याचा आवाज. मुलीने पत्रक काढून हळू आवाजात वाचलं. कान पसरले असतील, डोकं वर केलं असेल तर मागे जा. इंजिन चालू ठेवा. हॉर्न वाजवू नका.

त्याचे कान पसरलेले होते.

"चालू कर," सासूबाई कुजबुजल्या. "क्लच आधी. आता रिव्हर्स. पाचव्याच्या खाली, उजवीकडे आणि मागे."

मला रिव्हर्स सापडेना. दांडा उजवीकडे नेला की तो तिसऱ्यात घसरे. हत्तीने दोन पावलं टाकली. घाईत नव्हता तो. सोंड हवेत धरून एक पाऊल, थांबला, मग दुसरं. आता मला त्याच्या एका सुळ्याचं मोडलेलं टोक दिसत होतं. मी म्हणाले, मिळत नाहीये, आई, मिळत नाहीये. आणि तेव्हा नवऱ्याने, ज्याला सरळ बसता येत नव्हतं त्याने, उजवा हात लांब करून माझ्या हातावर ठेवला आणि दांडा उजवीकडे रेटून मागे ओढला. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकू नये.

गाडी मागे निघाली. वाकडीतिकडी. मागचं डावं चाक रस्त्यावरून खाली उतरल्याचं मला जाणवलं. सासूबाई मागे वळून काचेतून बघत दिशा सांगत होत्या. उजवीकडे, थोडं उजवीकडे, आता सरळ. हत्ती दहा पावलं आमच्या दिशेने आला आणि थांबला. आम्ही मागे जात राहिलो. तो मुठीएवढा दिसायला लागला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बस. थांब. क्लच."

या वेळी मी क्लच दाबला.

तिथे आम्ही चाळीस मिनिटं उभे होतो. दुसरा रस्ता नव्हता. हत्ती रस्त्यावरच उभा. कधी बाजूच्या झाडाची साल काढी, कधी नुसताच उभा. इंजिन चालू ठेवलेलं. पेट्रोलचा काटा पाव टाकीवर होता, आणि मी तो काटा, घड्याळ आणि हत्ती यांच्याकडे आळीपाळीने बघत होते. नवरा आता ओरडत नव्हता. डोकं काचेला टेकून डोळे मिटून बसला होता, ओठ पांढरे. ते मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. मुलगी त्याची नाडी मोजत होती. शाळेत शिकवलंय, म्हणाली. दर पाच मिनिटांनी आकडा सांगे, आणि त्या आकड्याचं करायचं काय हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

सासूबाईंचा हात माझ्या सीटच्या पाठीवर होता. त्या म्हणाल्या, "मला तुझा राग कळतो हं. मी यायला नको होतं." मी आरशात बघितलं तर त्या हत्तीकडे बघत होत्या. मी म्हटलं, आई, आत्ता तुम्ही नसता तर. वाक्य पुरं केलं नाही. त्यांनीही पुरं करायला लावलं नाही.

पाच वाजायला आठ मिनिटं असताना हत्ती वळला आणि झुडपांत गेला. आम्ही आणखी तीन मिनिटं थांबलो. सदतीस किलोमीटर, अर्धापाऊण तास. साठच्या वर जायला तिथे बंदी आहे. मी पासष्टने गेले. चौथा गिअर पहिल्याच झटक्यात पडला, पण त्याकडे लक्ष द्यायला फुरसत नव्हती. सूर्य समोर होता आणि धुळीमुळे रस्ता पांढरा होऊन दिसेनासा होई, तेव्हा मी बाजूच्या गवताच्या रेषेवरून अंदाज घेई. दोनदा झेब्रे आडवे आले. दुसऱ्या वेळी मी इतका जोरात ब्रेक मारला की सासूबाई पुढच्या सीटवर आपटल्या. मला नंतर त्यांच्या कपाळावर टेंगूळ दिसलं. त्यांनी तेव्हा हूं की चूं केलं नाही.

गेटपाशी पोचलो तेव्हा चौकीदार साखळी लावत होता. त्याने घड्याळाकडे बोट दाखवलं. मग खिडकीतून आत बघितलं आणि साखळी सोडून दिली. आत शिरल्यावर, ऑफिसच्या दारात, गाडी शेवटची एकदा बंद पडली. मी तशीच सोडून उतरले.

कॅम्पवाल्यांनी फोन लावले, परवानग्या काढल्या, एकशेदहा किलोमीटरवरच्या गावातून ॲम्ब्युलन्स मागवली. तिच्यातल्या नर्सने पहिलं इंजेक्शन दिलं आणि पंधरा मिनिटांनी नवऱ्याने डोळे उघडून विचारलं, गाडी कुठे ठोकली का. मी नाही म्हणाले. मी त्याच्याबरोबर गेले, हॉस्पिटलात स्कॅन झाला. खडाच होता. सासूबाईंनी दाबून बघितलेल्या जागेच्या जरा खाली. दोन दिवस सलाइन आणि औषधं, मग तो आपणहून पडला. कॅम्पवरच्या एका कर्मचाऱ्याने दुसऱ्या सकाळी आमच्या ट्रकमधून आजी आणि नातीला हॉस्पिटलात आणून सोडलं. मुलगी आत आली, बापाकडे बघितलं आणि मग बाहेर जाऊन बाकावर बसून खूप रडली. मी तिच्याशेजारी बसले. तिने मला मिठी मारली नाही, पण उठूनही गेली नाही. त्या चौकटीतल्या टिकबद्दल ती नंतर आम्हा दोघांनाही बोलली, अगदी स्पष्ट बोलली, आणि आम्ही ऐकून घेतलं.

पुढचे बेत कॅन्सल केले. चौथ्या दिवशी विंडहोकला परत निघालो तेव्हा नवऱ्याला चालवायला मनाई होती. मीच चालवलं. सरळ डांबरी रस्ता होता, कडेने रानडुकरं चरत होती. सासूबाई पुढे माझ्या डावीकडे बसल्या होत्या, गुडघा सरळ ठेवता यावा म्हणून. नवरा आणि मुलगी मागे.

तासभराने नवरा म्हणाला, "आई, तू जीप चालवायचीस ते मला आठवतंय. मला शाळेत सोडायला यायचीस. पण मग सोडलीस का गं? मी हॉस्टेलवरून सुट्टीला आलो तेव्हा तुला कधी चालवताना पाहिलं नाही."

त्यांनी खिडकीची काच वर केली. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

"तुझ्या बाबांना दवाखान्यात मीच नेलं होतं," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हर रजेवर होता. पस्तीस किलोमीटर, मध्ये घाट. घाटात जीप दोनदा बंद पडली. पण मी पोचवलं त्यांना वेळेत. शुद्धीवर होते. उतरताना स्वतः दार उघडलं त्यांनी." त्या पुढे बघत होत्या. "डॉक्टर नव्हता तिथे. तालुक्याला गेला होता. तो येईपर्यंत मग."

नवरा म्हणाला, "मला सगळ्यांनी सांगितलं की घरीच गेले."

"तू परीक्षेला बसला होतास. तुझ्या काकांना वाटलं, तेवढं तरी साधं सांगावं. मग तसंच राहिलं. तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही."

मला आरशात बघायचं होतं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे. पण एक रानडुक्कर रस्त्याच्या कडेला येऊन उभं होतं आणि मागे त्याची पिल्लं असावीत, म्हणून मी वेग कमी केला, तिसरा टाकला आणि रस्त्यावरची नजर काढली नाही. मग मुलीने आजीला विचारलं की घाटात जीप बंद पडल्यावर तू काय केलंस. आजीने तिला उतारावर हँडब्रेक लावून गाडी कशी सुरू करतात ते सांगितलं, सावकाश, तिला कळेल अशा शब्दांत, आणि ती मध्ये मध्ये प्रश्न विचारत राहिली.

ऑक्टोबरमध्ये सासूबाई पुण्याला परत गेल्या. त्यानंतरच्या एका शनिवारी सकाळी नवऱ्याने त्यांना फोन लावला, नेहमीसारखाच, आणि मी चहा घेऊन खोलीत गेले तेव्हा तो विचारत होता की बाबा वाटेत काय बोलत होते. फोन स्पीकरवर होता. मग त्यांचा आवाज आला, "पहिल्यांदा म्हणाले, सावकाश चालव." मी चहा टेबलावर ठेवला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. तो तासाभराने बाहेर आला. चहा तसाच होता. मी दुसरा टाकला.